एका पेपरमधले पाच छेद: रेडिओफ्रीक्वेन्सीने त्वचा घट्ट होते, म्हणजे नेमकं किती आणि कुणाची?

शस्त्रक्रिया न करता, फक्त रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने चेहऱ्याची सैल पडलेली त्वचा घट्ट करून देणारी क्लिनिकं आता मुंबई-पुण्यात जागोजागी दिसतात. या उपचारामागे संशोधन आहे का, असं विचारलं तर उत्तर 'हो' असंच द्यावं लागतं. आणि ते संशोधन वाचायला घेतलं की एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: ८३ टक्के.

आज आपण तो आकडा ज्या पेपरमधून आला तो पेपर वाचणार आहोत. उपचार करून घ्यावा की नाही हा सल्ला इथे मिळणार नाही, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ आहेत. आपला प्रश्न वेगळा आहे. पेट देऊन झालेली आहे, सिनॉप्सिस लिहायचा आहे, रिव्ह्यू ऑफ लिटरेचरसाठी पन्नास पेपर समोर पडलेत आणि प्रत्येकात एक चकचकीत टक्केवारी आहे. अशा वेळी ती टक्केवारी तशीच उचलायची, की आधी तिच्या खाली काय आहे ते बघायचं? टक्केवारीच्या खाली असतो छेद. शस्त्रक्रियेत घेतात तो नाही, अपूर्णांकातला. अंश आणि छेद मधला.

पेपर कोणता?

रिचर्ड फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा, 'लेझर्स इन सर्जरी अँड मेडिसिन' या जर्नलमधला पेपर. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि सैलपणा यांवर थर्मेज कंपनीच्या 'थर्माकूल टीसी' या यंत्राचा एकच उपचार द्यायचा आणि सहा महिने पाहायचं, असा हा अभ्यास. तो एकाहून अधिक केंद्रांवर झाला. सहभागी ८६.

या पेपरचं महत्त्व ऐतिहासिक आहे. अमेरिकेच्या एफडीएने हे यंत्र डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी २००२ मध्ये बाजारात आणू दिलं आणि २००४ मध्ये बाकीच्या चेहऱ्यासाठीही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही परवानगी '५१०(के)' या मार्गाने मिळालेली आहे. यात यंत्र आधीच बाजारात असलेल्या यंत्राच्या तोडीचं आहे, हे दाखवायचं असतं. नव्या औषधाला जशा मोठ्या नियंत्रित चाचण्यांमधून जावं लागतं, तशी अट या मार्गात सहसा नसते. म्हणून 'एफडीए मान्यताप्राप्त' हे शब्द वाचले की लगेच 'परिणामकारकता सिद्ध' असं भाषांतर मनात करू नका.

नावाचा एक घोळही इथेच मिटवून टाकू. त्वचेच्या रंगाचे १ ते ६ प्रकार सांगणारे फिट्झपॅट्रिक म्हणजे थॉमस, हार्वर्डचे. सुरकुत्यांची १ ते ९ अशी मोजपट्टी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते आपल्या पेपरचे रिचर्ड. दोघं वेगळे. दोन्ही मोजपट्ट्यांना 'फिट्झपॅट्रिक स्केल' म्हणतात, त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये कुठली ते स्पष्ट लिहा, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येईल.

हे यंत्र करतं काय?

लेझरमध्ये प्रकाश असतो आणि तो त्वचेतल्या एखाद्या रंगद्रव्यात किंवा पाण्यात शोषला जातो. रेडिओफ्रीक्वेन्सीत प्रकाश नसतो, उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह असतो. थर्मेजच्या बाबतीत साधारण ६ मेगाहर्ट्झचा. एक टोक चेहऱ्यावर टेकवायचं, परतीचा पॅड अंगावर दुसरीकडे चिकटवायचा, मधल्या ऊतीचा विद्युतरोध प्रवाहाला अडवतो आणि उष्णता तयार होते. बारावीच्या भौतिकशास्त्रातला ज्यूलचा नियमच हा. वरची त्वचा भाजू नये म्हणून टोकातूनच गारवा दिला जातो. म्हणजे वरून थंड, आतून गरम.

आतल्या थरात कोलॅजनचे तंतू असतात. ते तापले की आखडतात. मटण शिजताना तुकडा आकसतो, त्यामागे मोठा वाटा याच प्रथिनाचा असतो. पुढे काही महिने शरीर या उष्णतेच्या 'जखमे'ला प्रतिसाद म्हणून नवं कोलॅजन तयार करतं, असा सिद्धांत आहे. झेलिकसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या प्राथमिक अभ्यासात प्राण्याची कंडरा आणि माणसाच्या पोटाची त्वचा यांत तंतू फुगलेले आणि त्यांच्या कडा पुसट झालेल्या दिसल्या. शिवाय पहिल्या प्रकारच्या कोलॅजनच्या एमआरएनएमध्ये वाढही दिसली. यंत्रणा पटण्यासारखी आहे. पण तंतू बदलला यावरून चेहरा बदलला असं सिद्ध होत नाही. मधला पूल क्लिनिकल अभ्यासाने बांधायचा असतो, आणि तेच काम आपल्या पेपरने हाती घेतलंय.

रंगद्रव्यावर अवलंबून नसल्याने ही पद्धत सावळ्या त्वचेलाही वापरता येते, असं सांगितलं जातं. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण भाजलंच, तर भाजल्या जागी काळे डाग उरण्याची शक्यता सावळ्या त्वचेत जास्त असते. म्हणून पुढचा भाजण्याचा आकडा आपल्याकडच्या वाचकाने जरा जास्तच लक्ष देऊन वाचायला हवा.

निकाल, जसे मांडलेत तसे

आता अपूर्णांकांकडे नीट बघा:

- सुरकुत्यांच्या मोजपट्टीवर किमान १ गुणाची सुधारणा: ८३.२ टक्के (११९ पैकी ९९ भाग). बदल नाही: १७. बिघाड: ३.
- समाधानी किंवा खूप समाधानी: ५० टक्के (८२ पैकी ४१ व्यक्ती).
- भुवई किमान अर्धा मिलिमीटर वर गेली: ६१.५ टक्के (६५ पैकी ४० भुवया).
- दुसऱ्या दर्जाचं भाजणं: ०.३६ टक्के (५,८५८ वेळा टोक टेकवलं, त्यात २१).
- सहा महिन्यांनंतरही छोटा व्रण शिल्लक: ३.५ टक्के (३ व्यक्ती, म्हणजे छेद ८६).

छेद मोजा. ११९, ८२, ६५, ५,८५८, ८६. पाच निकाल आणि पाच छेद. भाग, व्यक्ती, भुवया, टेकवण्या आणि पुन्हा व्यक्ती. यातला एकही आकडा खोटा नाही. पण हे पाच आकडे एका ओळीत शेजारी शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला वाटतं, सगळे एकाच जनसमूहाबद्दल बोलताहेत. तसं ते बोलत नाहीत.

११९ कुठून आले?

८६ माणसांचे डोळे होतात १७२. मूल्यमापन झालं ११९ भागांचं. भुवयाही १७२ च असायला हव्यात, मोजल्या गेल्या ६५. बाकीचे का नाहीत, हे सारांशात सांगितलेलं नाही. फोटो खराब निघाले असतील, काहींचा पाठपुरावा झाला नसेल, काहींचा एकच डोळा निकषात बसला असेल. कारण काहीही असो, वाचकाचा प्रश्न एकच: जे गळाले ते बाकीच्यांसारखेच होते का? नाराज लोक परत फोटो काढायला कमी येत असतील तर उरलेल्यांची टक्केवारी आपोआप वर जाते. असा आकडा दिसला की सारांश मिटवून थेट पद्धतींचा विभाग आणि तक्ते उघडायचे.

दुसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. एकाच माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. तीच त्वचा, तेच ऊन, तेच वय, तोच डॉक्टर, तोच दिवस. उजवीकडे सुधारणा झाली तर डावीकडे होण्याची शक्यता जास्तच. साधं सूत्र लावलं तर ११९ पैकी ९९ ला ९५ टक्के विश्वास-अंतर साधारण ७६ ते ९० असं येतं. पण ते सूत्र ११९ स्वतंत्र निरीक्षणं गृहीत धरतं. खरं अंतर यापेक्षा रुंद असणार. नेत्ररोगशास्त्रातले लोक यासाठी व्यक्तीला गट मानून विश्लेषण करतात. तुमच्या विषयात दोन गुडघे असतील, एकाच झाडाची दहा पानं असतील किंवा एकाच वर्गातली चाळीस मुलं असतील, गोष्ट तीच आहे.

८३ आणि ५० एकत्र कसे?

हा या पेपरमधला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा विरोधाभास. परीक्षकांना फोटोंत सुधारणा दिसते ८३ टक्के भागांत, आणि ज्यांच्या चेहऱ्यावर ती झाली त्यांतले निम्मेच समाधानी.

इथे घाईने वजाबाकी करू नका. '३३ टक्के लोकांना फरक कळला नाही' असं वाक्य मला काही विद्यार्थ्यांच्या टिपणांत सापडतं. ते चूक आहे, कारण ८३ हे भागांचे टक्के आहेत आणि ५० हे माणसांचे. वेगळ्या छेदांची वजाबाकी होत नाही, हे आपण पाचवी-सहावीत शिकलोय.

पण दरी खरी आहे, आणि तिचं एक साधं स्पष्टीकरण मोजपट्टीत आहे. १ ते ९ च्या पट्टीचे तीन वर्ग पडतात: १ ते ३, ४ ते ६, ७ ते ९. सहावरून पाचवर आलेला माणूस 'सुधारला' या गटात मोजला जातो, पण वर्ग तोच राहतो. प्रशिक्षित डोळ्याला फोटोत १ गुण दिसतो. आरशासमोर उभ्या माणसाला तो पैसे आणि वेदना वसूल झाल्यासारखा वाटेलच असं नाही. भुवईच्या अर्ध्या मिलिमीटरचंही तेच. फोटो काढताना कपाळ जरासं वर ओढलं तरी भुवई तेवढी हलते.

थोडक्यात, 'फरक मोजता आला' आणि 'फरक महत्त्वाचा आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. किती बदल झाला तर तो रुग्णाला अर्थपूर्ण वाटतो, हे आधी ठरवून मग मोजायला हवं.

भातातला खडा

आता भाजणं. ०.३६ टक्के म्हणजे नगण्यच, नाही का?

समजा, एखाद्या खानावळवाल्याने सांगितलं की आमच्या भातात दर हजार घासांमागे फक्त साडेतीन खडे असतात. ऐकायला बरं वाटतं. पण जेवणाऱ्याचा प्रश्न 'या घासात खडा येईल का' असा नसतो. त्याला विचारायचं असतं, 'माझ्या ताटात येईल का?' आणि ताटात घास असतात साठ-सत्तर.

इथेही तसंच आहे. ५,८५८ टेकवण्यांना ८६ ने भागा. सरासरी येते ६८. म्हणजे प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर टोक सरासरी ६८ वेळा टेकवलं गेलं. भाजण्याच्या घटना २१ आणि माणसं ८६. प्रत्येक घटना वेगळ्या माणसाला झाली असेल तर २१ माणसं, म्हणजे साधारण २४ टक्के. ही वरची मर्यादा. काहींना दोन-तीनदा भाजलं असेल तर माणसं कमी आणि टक्केवारीही कमी. समजा प्रत्येक टेकवणीचा धोका सारखा आणि स्वतंत्र धरला, तर एका माणसाला निदान एकदा भाजण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात भाजणं काही ठरावीक लोकांतच एकवटलेलं असू शकतं, त्यामुळे या २२ ला अंदाजापलीकडे किंमत देऊ नका. मुद्दा एवढाच की रुग्णाला संमतिपत्रावर सही करताना हवा असतो तो आकडा माणसांच्या छेदावरचा, आणि ०.३६ तो नाही.

व्रणांचा आकडा मात्र माणसांवर दिलेला आहे: ८६ मध्ये ३, म्हणजे साधारण दर २९ जणांत एक. एकाच सारांशात एक दुष्परिणाम टेकवणीवर आणि दुसरा माणसावर मोजलाय. टेकवणीचा छेद पूर्णपणे निरुपयोगी नाही. यंत्र बनवणाऱ्या इंजिनिअरला तोच लागतो. पण दोन्ही द्यायला हवे होते.

तुलना कुणाशी?

या अभ्यासात उपचार न मिळालेला गट नाही. फोटो तपासणाऱ्यांना आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला हे माहीत नव्हतं, ही चांगली काळजी. पण ब्लाइंडिंगमुळे परीक्षकाचा कल आवरतो, फोटोंमधला फरक जात नाही. प्रकाश, चेहऱ्यावरचा ताण, सहा महिन्यांत सुरू केलेलं सनस्क्रीन किंवा क्रीम, हे सगळं फोटोत येतंच.

मग सगळा परिणाम भासच का? तसंही म्हणता येणार नाही, आणि टीका करताना हे सांगणं आपलं काम आहे. ९९ भाग सुधारले आणि ३ बिघडले. नुसत्या मोजमापातल्या डळमळीतपणामुळे आकडे इकडे-तिकडे झाले असते, तर सुधारलेले आणि बिघडलेले साधारण सारखे निघाले असते. १०२ वेळा नाणं उडवून ९९ वेळा छापा पडला तर नाण्यात काहीतरी आहे. तेव्हा काहीतरी घडलं हे नक्की. त्यातलं किती यंत्राने घडवलं, हे कंट्रोलशिवाय सांगता येत नाही.

कंट्रोल अशक्य होता का? अवघड होता, अशक्य नव्हता. चेहऱ्याची एकच बाजू उपचारासाठी यादृच्छिक पद्धतीने निवडायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूला उपचार द्यायचा, हा एक मार्ग. यात प्रत्येक माणूस स्वतःचाच कंट्रोल होतो आणि दोन डोळ्यांच्या परस्परसंबंधाची अडचण फायद्याची ठरते. वेदना जाणवत असल्याने रुग्णाला बाजू कळणारच, पण फोटो बघणाऱ्याला कळत नाही.

पुढे काय झालं?

वेदना आणि भाजणं कमी करण्यासाठी पद्धत बदलली. जास्त ऊर्जेचा एक फेरा सोडून कमी ऊर्जेचे अनेक फेरे आले. डोव्हर आणि झेलिकसन यांचा २००७ चा पेपर ५,७०० उपचारांचा आढावा घेतो. जुन्या पद्धतीत सहा महिन्यांनी घट्टपणा ५४ टक्क्यांत, नव्या पद्धतीत ९२ टक्क्यांत. 'फार दुखलं' म्हणणारे ४५ वरून ५ टक्क्यांवर.

५,७०० पाहून दबून जाऊ नका. हे डॉक्टरांचं सर्वेक्षण आहे. म्हणजे उपचार करणाऱ्यांनीच आपल्या रुग्णांबद्दल दिलेली माहिती. तिथे ब्लाइंडेड फोटो नाहीत, यादृच्छिक गटही नाहीत. नमुना मोठा असला की यादृच्छिक चूक कमी होते, पण कल तसाच राहतो. ८६ जणांचा २००३ चा अभ्यास मला या एका बाबतीत जास्त भरवशाचा वाटतो. दिशा मात्र विश्वास ठेवण्याजोगी आहे: कमी ऊर्जा, कमी वेदना.

मग हा पेपर वाईट आहे का?

नाही. सहा महिने पाठपुरावा, अनेक केंद्रं, ब्लाइंडेड परीक्षक, बिघडलेल्यांची नोंद, फक्त निम्मे समाधानी हे न लपवणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक टक्केवारीसोबत अपूर्णांक दिलाय. वर केलेली सगळी टीका लेखकांनी दिलेल्या आकड्यांवरच उभी आहे. नुसतं '८३ टक्के' लिहिलं असतं तर आपल्याला हे काहीच करता आलं नसतं. दोष जास्त करून पुढच्यांचा, जे अंश-छेद गाळून टक्के तेवढे उचलतात.

रिव्ह्यूमध्ये 'रेडिओफ्रीक्वेन्सीमुळे ८३ टक्के रुग्णांमध्ये सुरकुत्या कमी झाल्या (फिट्झपॅट्रिक, २००३)' असं लिहाल, तर त्या एका वाक्यात भागांचे रुग्ण होतील आणि कंट्रोल नसताना 'मुळे' येईल.

त्याऐवजी असं लिहिता येईल: 'कंट्रोल गट नसलेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात (८६ सहभागी) एका उपचारानंतर सहा महिन्यांनी, ब्लाइंडेड परीक्षकांना डोळ्यांभोवतीच्या ११९ पैकी ९९ भागांत किमान १ गुणाची सुधारणा दिसली, ८२ पैकी ४१ सहभागी समाधानी होते, दुसऱ्या दर्जाच्या भाजण्याच्या २१ घटना झाल्या आणि तीन जणांत सहा महिन्यांनी व्रण शिल्लक होता.'

लांब झालं, मान्य. गाइड म्हणतील कापा. कापायचंच असेल तर टक्के कापा, छेद ठेवा.

आता एक काम. तुमच्या सिनॉप्सिससाठी निवडलेल्या पेपरांपैकी ज्यावर तुमचा सगळ्यात जास्त भर आहे तो एकच काढा. सारांशातल्या प्रत्येक टक्केवारीपुढे पेन्सिलीने छेद लिहा, आणि त्या छेदात काय मोजलंय तेही: माणसं, भाग, भेटी की नमुने. जिथे छेद सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतर तुमचं रिव्ह्यूमधलं वाक्य पुन्हा लिहावंसं वाटलं, तर आजच लिहून टाका.